मार्थाबाईंची अर्धी साक्ष

डॉक्टरांच्या केबिनमध्ये दोनच खुर्च्या होत्या. माझ्या सासूबाईंनी एकीवर आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला बसवलं, दुसरीवर मला, आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रिपोर्ट त्यांचा, आणि उभ्याही त्याच. डॉक्टर म्हणाले, "आजी, बसा तुम्ही." त्या म्हणाल्या, "सांगा तुम्ही. मला उभं राहायची सवय हाय."

मग डॉक्टरांनी सांगितलं. ओव्हेरियन कॅन्सर, म्हणजे अंडाशयाचा कर्करोग. शिवाय असायटिस, म्हणजे पोटात पाणी साचलेलं.

सवय खरीच होती. मार्थाबाई आमच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये अशर होत्या, मी लग्न होऊन वैजापूरहून या घरात आले त्याच्या कितीतरी आधीपासून. दर रविवारी दारात उभं राहायचं, येणाऱ्याच्या हातात गीतांचं पुस्तक द्यायचं, कुणाला कुठं बसवायचं ते ठरवायचं. एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांना त्या बरोबर वेगवेगळ्या रांगांत बसवायच्या. प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, पण अशरनं मिटायचे नसतात, कारण उशिरा येणाऱ्यांकडं बघायचं असतं. घरातही तोच कारभार. कुणाचं लग्न कुठं जमवायचं इथपासून रविवारच्या मटणात खोबरं किती, इथपर्यंत त्यांचाच शब्द. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यावाचून माझं पानही हलायचं नाही.

पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, लघवीला सारखं जावं लागणं. एवढीच लक्षणं होती, आणि आम्ही ओवा अन् गॅसच्या गोळ्या देत बसलो. हे वाचणाऱ्या बायकांनो, तुम्ही बसू नका.

ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. केमो म्हणजे सलाइनमधून दिलं जाणारं औषध. ते कॅन्सरच्या पेशी मारतं आणि माणसालाही अर्धं मारतं. केस गेले, तोंड आलं. तरी वेटिंग हॉलमध्ये बाई स्वस्थ बसतील तर शपथ. सोयगावहून आलेल्या एका बाईला पंख्याखाली जागा करून दिली, रांग मोडणाऱ्या एका साहेबाला मागं पाठवलं. नर्स हसायच्या.

शेवटचं स्कॅन चांगलं आलं. डॉक्टर म्हणाले, "याला रिमिशन म्हणतात. आजार आत्ता दिसत नाही. गेला, असं मी म्हणणार नाही. दर तीन महिन्यांनी यायचं, आणि पोट जड वाटलं तर त्याच दिवशी."

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, एवढं लांबलचक सांगणं काय कामाचं? पुढच्याच रविवारी त्यांनी सासूबाईंना पुढं बोलावलं. आमच्यात साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. सासूबाई नुसतं म्हणाल्या, "मला बरं वाटतंय." पाळकांनी माइक घेतला आणि ते वाक्य पुरं केलं. बहीण मार्था पूर्ण बरी झाली, डॉक्टरांनी हात टेकले होते, प्रभूनं हात धरला. डॉक्टरांनी हात कधी टेकले होते, देव जाणे. टाळ्या थांबेनात. सासूबाई रडत होत्या, आणि अशरचा बिल्ला त्यांच्या पदराला परत लागला.

तीन महिने झाले. मी अपॉइंटमेंटचं काढलं तर म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात. मग पाचोडला भाचीचं लग्न निघालं, मग नाताळची तयारी. रविवारी मात्र दारात हजर. एक दिवस मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा त्यांच्या ब्लाउजच्या दोन्ही बाजू उसवून वाढवलेल्या दिसल्या. टाके त्यांचेच. मी आत जाऊन त्यांच्या पोटाला हात लावला. टणक लागलं.

"आई, कधीपासून?"

"झालं लई दिस."

"मग बोलला का नाही?"

"मंडळीपुढं सांगून बसले ना मी, बरी झाले म्हणून. आता दुखतंय म्हणलं तर प्रभूचं नाव खाली जाईल."

मला इतका संताप आला की मी बादली आपटली. संताप त्यांच्यावर, पाळकांवर, त्या टाळ्यांवर.

या वेळी केबिनमध्ये त्या आपणहून खुर्चीत बसल्या. डॉक्टर म्हणाले रिकरन्स आहे, म्हणजे आजार उलटला. आतड्याभोवती पसरला होता. "तुम्ही आधी आला असतात तर औषधाला वाव होता," एवढंच म्हणाले. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मंडळी वॉर्डात आली. कुणी संत्री आणली, कुणी विश्वास कमी पडल्याचं सुचवलं. पाळकांनी प्रार्थना सुरू केली, सगळ्यांचे डोळे मिटले. माझे मिटेनात. सासूबाईंचेही उघडेच होते, सवयीनं. आमची नजरानजर झाली. सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"शालू, माझी साक्ष अर्धीच राह्यली. तू पुरी कर."

"काय सांगू?"

"दुखत होतं म्हणून सांग. दारात उभी होते तवाबी दुखत होतं."

त्या गेल्या. अंत्यविधीला पाळक म्हणाले, प्रभूनं बहिणीला आरोग्य दिलं आणि मग विसाव्याला बोलावलं. माझ्या नवऱ्यानं माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवला आणि उठले. म्हटलं, आई बऱ्या झाल्या नव्हत्या. तपासणीला गेल्या नाहीत, कारण तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. दर रविवारी तुमच्या पाठीमागं उभ्या राहून त्या दुखणं सोसत होत्या, आणि तुमचे डोळे मिटलेले होते. कुणीतरी सवयीनं "आमेन" म्हणालं.

अजूनही काही जण माझ्याशी बोलत नाहीत. पाळक नमस्कार घेतात, थांबत नाहीत. तरी बिल्ला मी मागून घेतला. पाळकांनी दिला, कारण दारात उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. देवाशी माझं भांडण आहे की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. त्या डॉक्टरांचे आणि नर्सचे उपकार मात्र आहेत. त्यांनी आम्हाला खोटं काही सांगितलं नाही.

आता प्रार्थनेला मी डोळे उघडे ठेवते. उशिरा येणाऱ्यांसाठी नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात तेव्हा बायका हळूच पोटावर हात दाबून धरतात, कुणी बाकाला टेकून श्वास घेतं. गेल्या रविवारी तिसऱ्या रांगेत एक काकू तशा दिसल्या. उपासना संपल्यावर मी त्यांना दारातच अडवलं आणि कधीपासून दुखतंय ते विचारलं. त्या आधी म्हणाल्या, काही नाय. मी दारातून हलले नाही.