मंगळवारची वस्ती

देवाच्या आज्ञेत राहणं मला लहानपणापासून सोपं वाटत आलं, कारण नेमून दिलेली कामं मला आवडतात. बेलापूरला राहायला आल्यावर ख्रिस्ती मंडळीची उपासना आमच्याच हॉलमध्ये भरू लागली. सतरंज्या कोण घालणार, प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी मनुका कोण भिजवणार, पाळकसाहेबांना बसथांब्यावरून कोण आणणार, हे मी शनिवारीच लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावत असे. काम झालं की त्यावर रेघ मारायची आणि निश्चिंत व्हायचं. साळवेबाई घरी आल्या आणि पहिल्यांदाच रेघ न मारता येणारं काम पुढ्यात आलं.

साळवेबाई नगरकडच्या जुन्या बायबलबाई. उभा जन्म त्या खांद्याला पिशवी अडकवून वाड्यावस्त्यांवर फिरल्या, बायकांना प्रभूच्या गोष्टी सांगितल्या, गाणी शिकवली. त्यांचे पती फार पूर्वी वारले होते, मूलबाळ नव्हतं आणि आता स्मरणशक्तीही चालली होती. ज्या भाच्याने त्यांना इकडे आणलं होतं त्याची बदली झाली. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "बाईंना कोण घरी ठेवून घेईल?" त्याबरोबर सगळे आपापल्या चपला शोधू लागले. आमचंच घर, तरी मीही खाली वाकून काहीतरी शोधत होते! त्या वाकलेल्या अवस्थेतच मनात स्पष्ट आलं, तू ठेव. आवाज नव्हता, उजेड नव्हता, पण शंकेलाही जागा नव्हती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "बाई इथंच राहतील."

आमच्या ह्यांची नोकरी तळोज्याच्या कारखान्यात, माझी सकाळच्या शाळेत. तेवढ्या वेळात शेजारच्या कांबळेवहिनी बाईंकडे लक्ष देत. त्या बौद्ध, आम्ही ख्रिस्ती, पण त्यांनी कधी एका शब्दाने कुरकुर केली नाही. "मला सासू नाही, ताई. हौस फेडून घेते," म्हणायच्या. बाईंना मात्र रोज सगळं नव्याने सांगावं लागे. जेवल्या की नाही ते आठवत नसे. मला त्या कधी मुख्याध्यापिका समजत, कधी नर्स. पती वारल्याचं विसरून त्यांची वाट बघत बसत. मी सगळं नीट करत होते, पण आतून कोरडी होते. देवा, यातून तुझं नक्की कुठलं काम होतंय, असं रोज विचारत होते.

एका दुपारी शाळेतून परतले तर वहिनी जिन्यातच रडवेल्या उभ्या. "ताई, पाणी भरायला खाली गेले हो, तेवढ्यात दार उघडून गेल्या. मी सगळ्या बिल्डिंगी पालथ्या घातल्या."

मी लगेच कामं वाटली. नुकत्याच घरी आलेल्या ह्यांना सायकलवरून हायवेकडे पाठवलं, वहिनींना बाजारात, आणि मी स्वतः बसथांबा, दवाखाना, बाग बघून आले. सगळ्यांचे हात रिकामे. उन्हं उतरू लागली होती. आता पोलीस चौकी, असं ठरवून मी निघाले आणि वळणावर पाय थबकले. खाली जा, खाडीकाठी दिवाळे गावाकडे, असं मनात आलं. मी चक्क वाद घातला. बाईंचे गुडघे धड नाहीत, एवढा उतार त्या कशाला उतरतील? चौकी जवळ आहे, शहाणपण तिकडे जाण्यात आहे. पण चपला शोधताना जे आलं होतं तेच हे, हे मला कळत होतं. मी दिवाळ्याची वाट धरली.

गावाच्या तोंडाशीच रिकामी पाटी घेतलेली एक कोळीण समोरून आली. माझा चेहरा बघूनच थांबली. "बाय, म्हातारी शोधतंस का? पांढऱ्या लुगड्याची?"

मी नुसती मान हलवली.

"चल, माझ्या वट्यावर बसवलीय. आगो, भरती लागली व्हती नि ही लुगडं वर करून खाडीत शिरली, कमरेपर्यंत! बोलतं, पलीकडं वस्तीवर जायाचं हाय. मी हात धरून वढली, त मलाच इचारतं, पोरी, तुझा नवरा दारू पितो का?"

"मग?"

"मग काय! मी बोललं, पितो. आमच्या इथं कुनाचा नाय पित? त लगेच डोले मिटून देवाला सांगाया लागली."

ओट्यावर साळवेबाई ओल्या लुगड्यात ताठ बसल्या होत्या. वाळत घातलेल्या सुकटीच्या कडेला चार-पाच बाया आणि पोरं गोळा झाली होती. बाई गात होत्या. घरी ज्यांना स्वतःचं नाव आठवायला वेळ लागे, त्या एकामागून एक कडवी म्हणत होत्या, कुठेही न अडखळता. मला बघून म्हणाल्या, "उशीर केलास. पिशवी आणलीस का?"

घरी आणून कोरडं नेसवलं, वरणभात भरवला. हे दाराशी उभे होते. हलक्या आवाजात म्हणाले, "नगरच्या वृद्धाश्रमात विचारतो मी. देवाची आज्ञा म्हणून तू यांना ठेवलंस, खरंय. पण देवाने अक्कलही दिलीय ना? आज वाचल्या. उद्या?" त्यात चूक काहीच नव्हतं. वहिनीसुद्धा बाहेरून कडी बसवू म्हणत होत्या.

मी बाईंना विचारलं, "खाडीत का गेलात? बुडाला असतात ना!"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "आज मंगळवार. मंगळवारी नदीपलीकडची वस्ती. पाणी असतंच. प्रभूने पाठवलंय, मग जायला नको?"

मी कॅलेंडरकडे पाहिलं. मंगळवारच होता. पतीचं मरण, भाचा, जेवण, घर, सारं त्या मनातून गळून गेलं होतं आणि तळाशी एवढंच राहिलं होतं: पाठवलंय, जायचं. मी आज्ञा म्हणजे आयुष्यात करायची बरीच कामं समजत होते. या बाईंचं आयुष्यच एक आज्ञा होती.

"आश्रमात नको आणि कडीही नको," मी ह्यांना म्हणाले. "पुढच्या मंगळवारी मी घेऊन जाते त्यांना."

हे म्हणाले, "छत्री घेऊन जा. ऊन असतं."

त्यानंतर दर मंगळवारी शाळा सुटली की आम्ही दोघी रिक्षाने दिवाळ्याला जात असू. त्या कोळिणीचं नाव हिराबाई. ती ओटा झाडून ठेवी. तिचा नवरा काही लगेच सुधारला नाही, आणि गावात कुणी ख्रिस्तीही झालं नाही. पण बायका दुखणीखुपणी सांगायच्या, बाई डोळे मिटून ती देवाकडे पोचवायच्या, आणि परत येताना मला विचारायच्या, "तू कोण गं?" मी म्हणायची, "तुमची पिशवी धरणारी." तेवढ्यावर त्यांचं समाधान होई. इतर दिवशी त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

दोन वर्षांनी त्या झोपेतच प्रभूकडे गेल्या. मला त्या रेघ न मारता येणाऱ्या कामाबद्दल देवाचे फार आभार मानावेसे वाटतात. उद्या माझीही स्मृती जाईल कदाचित. कपाटांच्या जागा, शाळेतल्या मुलांची नावं, ह्यांचा चेहरासुद्धा जाईल. त्याची मला आता भीती वाटत नाही. माझ्यात शेवटी काय राहावं, ते मी प्रभूजवळ मागून ठेवलं आहे.