खणात राहिलेला अर्ज

मुलाच्या हॉटेल व्यवसायाला पंचवीस वर्षे झाली म्हणून कर्वेनगरातल्या एका मंगल कार्यालयात समारंभ करायचे ठरले. समारंभ म्हटला की स्मरणिका आली आणि स्मरणिका म्हटली की मसालेवाले, गॅसवाले, फरशीवाले यांच्या जाहिरातींमध्ये उरलेल्या जागेत कोणीतरी लेख लिहायला हवा. ते काम माझ्याकडे आले. विषय मुलाने स्वतःच ठरवून दिला होता: 'शून्यातून उभा राहिलेला माझा मुलगा'. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सांगण्यावरूनच लिहीत आलो. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही तो हात गेलेला नाही. दोन पाने तासाभरात झाली.

ती पाने नात कॉम्प्युटरवर उतरवून देत होती. ती अर्थशास्त्र शिकते. सरकारने दरमहा प्रत्येकाच्या खात्यात जगण्यापुरते पैसे टाकावेत असे तिचे मत आहे. हे मत ती एका थंडगार कॉफीच्या दुकानात बसून मैत्रिणींना पटवते, आणि समोरची कपबशी उचलणाऱ्या बाईकडे मान वर करूनही बघत नाही. तिच्या बापाचे मत बरोबर उलटे. बायकांना दरमहा पैसे देण्याची घोषणा झाली, तेव्हापासून त्याच्या जेवणातली चव गेली. "आम्ही टॅक्स भरायचा आणि ह्यांनी फुकट वाटायचं. माझ्या किचनमधल्या दोन बायका यायच्या बंद झाल्या. ऐतखाऊ करून ठेवलंय सगळ्यांना," हे मी रोज आमटीबरोबर ऐकतो. हिंजवडीच्या हॉटेलात तो कॉम्प्युटरवाल्यांना पितळी ताटात झुणका-भाकर वाढतो. त्या ताटाची किंमत ऐकून मी एकदा पाणी पिऊन उठलो होतो.

टाइप करता करता नातीने विचारले, "आबा, इथे तू लिहिलंयस की बाबांनी चौकातल्या एका टपरीपासून सुरुवात केली. पण ती जागा त्यांना मिळाली कशी?"

एकोणतीस-तीस वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. मी म्हणालो, "सरकारी योजना होती." ती म्हणाली, "म्हणजे फुकटच की," आणि पुढच्या ओळीकडे वळली. मी तिला तिथेच थांबवले आणि पाने परत घेतली. जे लिहायला हवे होते ते आता लिहितो.

एक रुपयात झुणका-भाकर देऊ असे सांगून राज्यात एक सरकार आले तेव्हा मी कचेरीतल्या संघटनेचा पुढारी होतो. तरुणपणी अभ्यासवर्गांना बसलेला माणूस मी. उत्पादनाची साधने कोणाच्या हातात असावीत यावर चहाच्या चार फेऱ्या होईपर्यंत बोलू शकत असे. एक रुपयाच्या भाकरीची मला किळस आली. दुपारच्या सुट्टीत गेटवर उभा राहून मी भाषण ठोकले, "ही भीक आहे. गरिबाला भाकरी नको, भाकरी कमावायचा हक्क द्या." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत एकही गरीब नव्हता. आम्ही सगळे महागाई भत्त्याची माणसे. गरिबांबद्दल बोलायचा मक्ता आम्ही परस्पर आपल्याकडे घेऊन टाकला होता, आणि त्यांना काय हवे हे विचारायला त्यांच्याकडे जाण्याचा त्रास कधी घेतला नाही.

एक गरीब मात्र माझ्याकडे आली. आमच्या सोसायटीपासून हाकेच्या अंतरावरच्या चौकात एक विधवा बाई रॉकेलचा स्टोव्ह आणि टोपली घेऊन बसत असे. गॅरेजवाले, सुतार, नव्या इमारतींवरचे गवंडी तिच्याकडे जेवत. नऊ वर्षे ती त्याच जागी बसत होती. मी लोकांचे अर्ज लिहून देतो हे तिला ठाऊक होते. एका रविवारी सकाळी ती दारात येऊन उभी राहिली.

"भाऊसाहेब, सरकार टपऱ्या देणार हाय म्हनं झुणका-भाकरीच्या. आपल्या चौकातबी एक हाय. माझा अर्ज कराल का? भाकरी तर मी करतीच हाय."

मी अर्ज केला. चांगला केला. शेवटी कचेरीतून आणलेल्या स्टॅम्पपॅडवर तिचा अंगठा टेकवला आणि कागदावर उमटवला. पदराला अंगठा पुसत तिने विचारले, "मिळंल ना?" मी म्हणालो, "तुम्हाला नाही मिळणार तर कोणाला?" तेव्हा ते मी मनापासून म्हणालो होतो.

ती गेल्यावर आतल्या खोलीतून मुलगा उठून आला. सकाळचे साडेदहा वाजले होते. बी. कॉम.ला दोनदा बसून झाले होते आणि तिसऱ्यांदा बसायचे की नाही याचा विचार तो दोन वर्षे अंथरुणात पडून करत होता. त्याची आई म्हणाली, "बेकार तरुणांनाही देणार आहेत म्हणे." एवढेच म्हणाली. बाकीचे सगळे मी केले. बायकोवर ते ढकलणार नाही, ती आता नाहीही.

त्याच टेबलावर मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात मुलाला खाद्यपदार्थ विक्रीचा अनुभव असल्याचे ठोकून दिले. ज्याने चहाचे आधण कधी ठेवले नाही, त्याला. बाईचा अर्ज टेबलाच्या खणात ठेवला. मुदत संपेपर्यंत तो तिथेच राहिला. ती मधे दोनदा विचारायला आली. "दिलाय, वाट बघा," असे मी सांगितले.

नुसत्या अर्जाने काम होत नव्हते. स्थानिक पुढाऱ्याची चिठ्ठी लागत होती. ज्यांच्या नावाने मी गेटवर खडे फोडले, त्यांच्याच कार्यालयात मी मुलाला घेऊन गेलो. पुढारी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने मला खुर्ची दिली आणि माझ्याकडे नीट पाहून घेतले.

"या साहेब. आमची भाकरी म्हणजे भीक ना? गेटवर बोलला होतात असं कानावर आलं."

मी म्हणालो, "ते तात्त्विक होतं."

"असेल, असेल. मग आता पोराला भूक लागली वाटतं." तो हसला, आजूबाजूचेही हसले आणि त्याने चिठ्ठी दिली. त्या माणसाला मी आयुष्यभर गुंड म्हणत आलो. पण त्या खोलीत खोटे न बोलणारा तो एकटाच होता.

टपरी मुलाला मिळाली. आणि मग मी जे केले ते अर्ज दडवण्याहूनही हलके होते. मुलाला भाकरी येत नव्हती आणि बाई त्याच चौकात होती. मी तिला बोलावून सांगितले, "तुमचं नाही झालं. वरून झालं सगळं. पण मी मुलाला सांगून तुम्हाला तिथे कामाला लावतो." ती माझ्या पाया पडली. स्वतःच्या जागेवर रोजंदारीने भाकऱ्या थापायला मिळणार म्हणून ती माझ्या पाया पडली आणि मी पाय मागे घेतले नाहीत. त्यानंतर दर दिवाळीला ती माझ्या घरी करंज्यांचा डबा घेऊन येत असे.

पुढे सरकारने अनुदान बंद केले. एक रुपयाच्या भाकरीचा पुळका सगळ्यांचाच ओसरला. देणाऱ्यांचा आधी ओसरला. आमच्या टपरीत मिसळ आली, मग डोशाचा तवा आला. बाहेर 'झुणका-भाकर केंद्र' ही पाटी मात्र ठेवली होती, कारण जागा त्या नावावर होती. तपासणीला कोणी आलेच तर दाखवायला काचेच्या झाकणाखाली रोज एक भाकरी आणि वाटीभर झुणका ठेवलेला असे. ती एक भाकरी करण्यापुरते बाईला ठेवले होते. संध्याकाळी बाई ती वाळलेली भाकरी फडक्यात बांधून घरी नेई. तपासणीला कोणी आले नाही. काही वर्षांनी मुलाने पहिले हॉटेल घेतले आणि तिला सांगितले की आता येऊ नका.

हे सगळे पोटात ठेवून मीही मरून गेलो असतो. माझ्या पिढीतली बरीच माणसे अशीच गेली, वर्तमानपत्रात छोटा फोटो आणि 'तत्त्वनिष्ठ' असा शब्द घेऊन. पण मुलाला समारंभासाठी एक कल्पना सुचली. पहिल्या कर्मचाऱ्याचा सत्कार करायचा. "मावशींना साडी आणि श्रीफळ द्यायचं, स्टेजवर. लोकांना आवडतं असं," तो म्हणाला. म्हणजे त्या बाईने आता शे-दोनशे माणसांसमोर आमचे उपकार मानायचे होते. तसे होण्याआधी तिला खरे कळायला हवे होते, आणि सांगणारा एकटा मीच उरलो होतो.

इतकी वर्षे खणातच पडलेला तो अर्ज घेऊन मी दुपारी रिक्षाने तिच्याकडे गेलो. टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत ती सुनेकडे राहते. आता तीही पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आहे. सून कामावर गेली होती.

"भाऊसाहेब, उन्हाचं कशाला आलात? मी येनार हाय. तुमचं पोरगं गाडी पाठवतंय म्हनं." समारंभासाठी तिने नवा ब्लाउज शिवून आणला होता. तो तिने मला उलगडून दाखवला.

मी कागद काढला. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवला. "अर्जदार ही गेली नऊ वर्षे सदर चौकात झुणका-भाकर विक्री करून स्वतःचा व दोन मुलांचा उदरनिर्वाह करीत आहे..."

"दोन न्हाई, तीन. धाकटीबी हुती."

"तुम्ही दोन सांगितलीत."

"मी तीन सांगितली हुती."

मी पुढचे वाचून संपवले. तिने कागद हातात घेऊन अंगठ्याच्या डागावरून बोट फिरवले. "ह्यो माझाच. मग ह्यो तुमच्यापाशी कसा?"

"मी तो दिलाच नाही."

"का?"

"मुलासाठी तीच जागा मागायची होती."

तिने कागद मांडीवर ठेवला. मग ब्लाउजची घडी घालत म्हणाली, "म्हंजी तुमी मला कामाला लावलं म्हनून मी दर दिवाळीला करंज्या घिऊन येत हुते."

"हो."

"आन तुमी त्या खात हुतात."

"हो."

मी क्षमेचे काहीतरी बोलायला लागलो. तिने हाताने थांबवले. "ते ऱ्हाऊ द्या. पोराला सांगितलंय का?"

"नाही."

"मग माझ्याकडं आधी कशाला आलात? मी काय करनार हाय तुमचं, म्हनून? त्याला सांगा. चार लोकांत सांगा. मग येईन मी साडी घ्यायला." कागद तिने ठेवून घेतला.

मी घरी येऊन मुलाला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले, बिले ऐकतो तसे. मग म्हणाला, "बाबा, अर्ज पोचला असता तरी तिला मिळाली नसती. चिठ्ठी कोण देणार होतं तिला?"

"नसती मिळाली कदाचित. पण ते मी माझ्या टेबलावर ठरवलं."

"आणि मी कष्ट नाही केले?"

"केलेस. तिच्या जागेवर केलेस."

नात दारात उभी होती. "बाबा, गरिबांसाठीचं वरचे लोक मधेच पळवतात ना, ह्याला एलीट कॅप्चर म्हणतात. टेक्स्टबुक केस आहे," ती म्हणाली. बापाचा चेहरा कसा झाला आहे हे न बघता तिने त्याला इंग्रजी नाव शोधून दिले होते. त्याच रात्री, समारंभात घालायच्या कपड्यांवरून ती त्याच्याशीच भांडत होती.

मुलगा शेवटी म्हणाला, "स्मरणिकेत हे येणार नाही." मी म्हणालो, "नको येऊ दे. फक्त भाषणात, मला कोणी काही फुकट दिलं नाही, असं म्हणू नकोस."

समारंभाच्या सकाळी बाईला आणायला गेलेली गाडी रिकामी परत आली. ड्रायव्हर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "आजींनी विचारलंय, चार लोकांत सांगणार का? सांगणार असाल तर येते म्हणाल्या." मुलगा शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "सांग, बघतो." गाडी पुन्हा गेली नाही.

निवेदिकेने मला दोन शब्द बोलायला बोलावले. ज्या माणसाने पंचवीस वर्षे गेटवर भाषणे केली, त्याने माइक हातात धरला, समोर फेटे घातलेले व्यापारी बघितले आणि "मुलाने फार कष्ट केले" एवढे बोलून तो खाली बसला. साडी आणि श्रीफळ किचनमधल्या दुसऱ्याच बाईला दिले. मग मुलगा भाषणाला उठला. "मला कोणी काही फुकट दिलं नाही," तो म्हणाला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझेही हात वाजले. स्मरणिकेत माझ्या दोन पानांच्या जागी हळदीच्या कंपनीची जाहिरात होती. माझ्या लेखापेक्षा ती खरी असावी.

माइकवर जे जमले नाही ते कागदावर केले. एका मासिकाला छापायला देण्याआधी हा मजकूर घेऊन मी पुन्हा त्या वस्तीत गेलो आणि तिला सगळा वाचून दाखवला, मी माइकवर गप्प बसलो तेही. अर्ज तिने प्लास्टिकमध्ये घालून आणला होता आणि देवाच्या फळीखाली खिळ्याला अडकवला होता. ऐकताना ती तांदूळ निवडत होती. संपल्यावर तिने एकच विचारले.

"करंज्यांचं लिवलंय ना?"

"लिहिलंय."

"आन तीन पोरं?"

"तीन."

"मग द्या छापायला," ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली. मी थोडा वेळ बसलो. चहाचे तिने विचारले नाही. मग चपला घालून उतार उतरायला लागलो.