आइस्क्रीमच्या डब्यातले साहेब

आमच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमचे सहा डबे असतात आणि एकातही आइस्क्रीम नसतं. एकात मटार, एकात चिंचेचा कोळ, एकात किसलेलं ओलं खोबरं. डब्यांवर चिठ्ठ्या लाव, असं नवरा दर आठवड्याला सांगायचा. मला माझे डबे ओळखता येतात, असं मी दर आठवड्याला ऐकवायचे. त्या लॉकडाउनमध्ये अशाच एका डब्यात आम्ही आमचा मेलेला पक्षी ठेवला.

तो बजी होता, म्हणजे पोपटाची छोटी जात, हिरवा, मूठभरसुद्धा नाही. आठ वर्षांच्या लेकीने ठेवलेलं नाव माझ्या सासऱ्यांच्या तोंडात बसेना, म्हणून बाबा त्याला 'साहेब' म्हणायचे. बाबा परदेशात आमच्याकडे, क्रेगीबर्नला, तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यावर अडकले. आम्ही सगळे दिवसभर हेडफोन लावून बसायचो, त्यामुळे त्यांच्याशी गप्पा मारायला साहेबच मोकळे होते. थोड्याच दिवसांत साहेब 'चहा टाक' म्हणायला लागले, तेही नेमकं माझ्या मीटिंगमध्ये. दोनदा तर मी खरंच उठून चहा टाकला.

त्याच हिवाळ्यात साताऱ्याला बाबांची थोरली बहीण गेली. बाबांना लहानपणी आक्कांनीच सांभाळलं होतं. त्यांचा शेवटचा निरोप बाबांनी माझ्या फोनवर पाहिला, तोही अर्धाच. आक्कांच्या पायांपाशी चित्र अडकलं ते अडकलंच. बाबा रडले नाहीत. "तुझं चार्जिंग संपेल," म्हणून त्यांनी फोन परत दिला. त्यांना एकदा मोकळं रडू येऊ दे, एवढंच मला वाटत होतं. पंधरा दिवसांनी साहेबही गेले, तेव्हाही बाबांनी नुसती मान हलवली.

साहेबांचं काय करायचं, हे ठरायला चार दिवस लागले. नवऱ्याला व्हेटकडून, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडून, दहन करून हवं होतं. पण व्हेट सात किलोमीटरवर आणि आम्हाला परवानगी पाचाची. मेडिकल कारण सांगू, असं तो म्हणाला. मेलेल्या पक्ष्याला कसलं डोंबलाचं मेडिकल! लेक म्हणाली, "बॅकयार्डमध्ये, विथ अ प्रॉपर ग्रेव्ह." पण घर भाड्याचं, मागे नकली गवत, खणायचं तर एजंटला विचारायला हवं. नवऱ्याने ईमेल लिहायला घेतला आणि विषयाच्या ओळीतच अर्धा तास घालवला. वाहत्या पाण्यात सोडू, असं बाबा म्हणाले, तर लेकीने भोकाड पसरलं.

शेवटी बाबांनीच आपली कढीपत्त्याची कुंडी देऊ केली. अर्ध्या पिंपाएवढी ती कुंडी त्यांचा जीव की प्राण. थंडीत ते त्या झाडाला रोज संध्याकाळी शाल पांघरायचे. घर बदललं तरी साहेब आपल्याबरोबर येतील, हे सगळ्यांनाच पटलं.

"मग फोडणीला काय घालायचं?" नवऱ्याने विचारलं.

रविवारी दुपारी मी फ्रीजरमधून डबा काढून आणला. लेकीला आत बघायचं नव्हतं, म्हणून झाकण उघडायचं नाही असं ठरलं. बाबांनी धोतर नेसलं होतं आणि वर नवऱ्याची हुडी. त्यांनी डबा दोन्ही हातांत घेतला, जरा थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि तो खड्ड्यात ठेवला. वर पाणी शिंपडलं.

"नीट जा," ते म्हणाले. "मला यायला जमलं नाही. राग धरू नकोस."

"बट आजोबा, यू वेअर राइट देअर," लेक कुजबुजली.

बाबा हमसून हमसून रडायला लागले. मग मीही. कुंपणापलीकडून शेजाऱ्याने सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. "नो वरीज, मेट, जस्ट अ फ्युनरल," नवरा म्हणाला. शेजारी दोन पावलं मागे सरकला, तेव्हा नवऱ्याला "बर्ड! बर्ड!" असं ओरडावं लागलं.

रात्री बाबा पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी.

सकाळी उसळीत घालायला मी खोबऱ्याचा डबा उघडला. आत पांढऱ्या नॅपकिनमध्ये साहेब होते.

म्हणजे काल आम्ही सगळे अर्धा किलो खोबऱ्यासाठी रडलो होतो! बाबांना हे कळता कामा नये. जॅकेटखाली डबा लपवून मी मागच्या दाराने बाहेर पडले, तर बाबा कुंडीपाशीच, हातात खुरपं.

"आणलंस साहेबांना?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"डबा हातात घेतला तेव्हाच. एवढासा जीव तो, इतका जड कसा असेल?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

त्यांनी खुरप्याची माती पुसली. "म्हटलं, आता तयारी झालीच आहे."

मी खाली बसले आणि कालचा डबा काढायला माती बाजूला सारू लागले. बाबांनी माझा हात धरला.

"ते राहू दे," ते म्हणाले. "ते आक्काचं. साहेबांना शेजारी खड्डा कर."