ॲग्नेसबाईंची पन्नाशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — त्याच्या पोटात काही राहत नाही. पण तुम्हाला सांगते.

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या मराठी मंडळात महिला दिनाला एखाद्या कर्तबगार बाईवर बोलायचं असतं. तीन वर्षांपूर्वी माझी पाळी होती. मी निवडली ॲग्नेस — व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, डोंगरदऱ्यांची चित्रं काढणारी. म्हटलं, जरा हटके विषय. तिच्यावरचं जाडजूड पुस्तकही मागवलं. नेमके तेव्हाच नागपूरहून सहा पाहुणे दिल्ली-आग्रा करायला आले. दिल्लीत घर असणं म्हणजे धर्मशाळा चालवणंच की. पुस्तकातली फक्त चित्रं बघून झाली.

बोलायला उभी राहिले, तर बायकांचं सगळं लक्ष साबुदाणावड्यांकडे. काय करणार होते मी? सुचेल ते बोलत सुटले. या बाईनं पंचवीस वर्षं सासरी रांधलं, उष्टी काढली आणि पन्नाशीत पहिल्यांदा ब्रश धरला — असं ठोकून दिलं. टाळ्या थांबेनात. शेजारच्या शैलाताईंनी तर डोळे पुसले.

पुढच्याच महिन्यात शैलाताईंनी सेंट्रल गव्हर्नमेंटची नोकरी सोडली. निवृत्तीला सहा वर्षं बाकी असताना. आता दर शनिवारी घडीचं स्टूल घेऊन मेट्रोनं हिंदूरावच्या टेकडीकडे जातात. माकडांनी दोनदा रंगांच्या ट्यूबा पळवल्या, तरी जातात. त्यांची झाडं फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी दिसतात. तीन चित्रं आमच्या हॉलमध्ये आहेत.

पुस्तक मी नंतर वाचलं. वडीलच चित्रकार. पाचव्या वर्षी त्यांनी हातात ब्रश दिला, एकोणिसाव्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात चित्र. लग्न केलंच नाही. घरात दोन मोलकरणी — उष्टी कुठली काढतेय. तेव्हाच सांगायचं ना? सांगणार होते. पण त्या भेटल्या की "तुझ्यामुळे गं" म्हणायच्या, आणि खरं सांगू? मला ते फार आवडायचं. पुस्तक माळ्यावर गेलं.

परवा त्या आपल्या पहिल्या प्रदर्शनाचं पत्रक घेऊन आल्या. हॉल ठरलाय, जुन्या ऑफिसातले सगळे येणार आहेत. पत्रकात सुरुवातीलाच लिहिलंय — ॲग्नेसनंही पन्नाशीतच सुरुवात केली होती. कुणीही मोबाईलवर शोधलं तर दोन मिनिटांत त्यांचं हसं होईल.

"बघ गं, काही चुकलंय का," म्हणाल्या. "तुझा अभ्यास आहे."

मी पेन घेतलं. दोन स्वल्पविराम घातले आणि "बिल्कुल बरोबर आहे" म्हणून कागद परत दिला.