पुतळ्याशी बोलणारी यमुना

आज कॉलेजात सरावासाठी नवा पुतळा आला. खोकं उघडताच कोऱ्या रबराचा वास खोलीभर पसरला आणि मला यमुना आठवली.

तेव्हा मी नाशिकच्या नर्सिंग कॉलेजात नुकतीच शिकवायला लागले होते. यमुना सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आलेली, अबोल मुलगी. पुतळ्याला इंजेक्शन द्यायची तिची पहिलीच वेळ होती. तिने आधी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली, थंडगार रबरी हातावर आपला हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाय, घाबरू नको हां. जरासंच टोचंल."

मुली फिसकन हसल्या. मी त्यांना गप्प करायला हवं होतं, पण मलाच हसू आवरेना. वर मी म्हणाले, "यमुना, परत म्हण बघू. तुझी बाय काय म्हणतेय?"

हशा आणखी वाढला. यमुनाही कसंनुसं हसली. पुतळ्याच्या हातावरचा आपला हात मात्र तिने काढून घेतला.

आता मीच मुलींच्या मागे लागते, "अगं, पेशंटशी दोन शब्द बोला." त्या लाजतात. यमुनाला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्या वर्षीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिने हात धुतले, औषध तपासलं, अचूक जागी सुई टोचली. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पुतळ्याच्या चेहऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले, आणि पोरगी सुधारली म्हणून मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटली.