नारूची पाठवणी

दुष्काळ सरल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमचं कलापथक आटपाडीकडच्या गावांत नारूचा वग घेऊन हिंडत होतं. मी पेटीवाला. नारू म्हणजे पायातून निघणारा दोऱ्यासारखा किडा. फोड आलेला पाय विहिरीत बुडाला की त्याची पिल्लं पाण्यात पडतात, आणि ते पाणी प्यालं की वर्षाने दुसऱ्या कुणाच्या तरी पायात नारू निघतो. पाय बुडवू नका, पाणी गाळून प्या, एवढंच सांगायचं होतं. पण मग आमच्या दिग्दर्शकांना काय काम उरलं असतं?

हे गृहस्थ साताऱ्याचे. खादीचा झब्बा, तोंडात सदा लवंग आणि खेड्याबद्दल अगाध अज्ञान. "अडाण्यांना शास्त्र पचत नाही, गोष्ट पचते," हे त्यांचं पालुपद. त्यांनी नारूचा राक्षस केला. शेवटी राजा तलवार उपसून गरजायचा, "दुष्टा, आपल्या विहिरीत परत जा!" राक्षस उडी मारायचा, की टाळ्या. गाळायचं फडकं एका कडव्यात उरकलेलं, तेही ढोलकीत बुडायचं. मी म्हटलं, "साहेब, शेवट बदला. आज खेळ आहे त्याच गावात माझी थोरली बहीण दिलीय. तिच्या पायाला नारू आहे, ती बघायला येणार."

"तू पेटी वाजव," ते म्हणाले.

रात्री खेळ झाला, शेवट तोच. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या पायऱ्यांच्या विहिरीवर ही गर्दी! साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर घालवायचा, ही इकडची रीत. तशाच नारळ, हळदकुंकू घेऊन दुखऱ्या पायांच्या बाया खाली उतरत होत्या. बहीण लंगडत सगळ्यांच्या पुढे.

"आक्का, पाय पाण्यात घालू नगंस!" मी ओरडलो.

"गप रं. राजानं सांगितलं न्हवं त्येला, हिरीत परत जा म्हनून? त्येच्या घरी पोचवाय आलोय आमी."

आणि तिने घोट्यापर्यंत पाय बुडवला. काठावर दिग्दर्शक खुशीत. "पाहिलंस? विषय पोहोचला!" त्यांना तिथेच ढकलून द्यावं असं वाटलं, पण पाणी आधीच पुरेसं नासलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात आक्काच्या धाकट्या लेकीच्या पायातून नारू निघाला. त्याच सुमाराला सांगलीत, गोष्टीतून शास्त्र खेड्यापाड्यांत नेल्याबद्दल, दिग्दर्शकांचा सत्कार झाला. स्वागतगीताला पेटी माझीच. त्यांच्या गळ्यात पांढरंशुभ्र, घट्ट विणीचं उपरणं घातलं. दुहेरी घडी केली असती, तर आक्काच्या घरचं वर्षभराचं पाणी त्यातून गाळून झालं असतं.

त्यांनी त्याने तोंड पुसलं.