खांद्यावरची थाप

माझ्या नोकरीतली ही चोरी तशी किरकोळ, पण ती मी अजून विसरलेलो नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शहापूर तालुक्यात मी नवा फौजदार होतो. नावे कोणाचीच देत नाही.

किन्हवलीकडच्या एका गावातून, ओढ्यावर बसवलेले डिझेल इंजिन चोरीला गेले. त्या पाण्यावर शेतकऱ्याची भेंडी उभी होती. गुन्हा दाखल केला आणि दुपारी खबर आली: डोंगरातल्या वाडीवरचा एक माणूस आदल्या संध्याकाळी ओढ्याकडे जाताना दिसला. मी त्याला ठाण्यात आणवले. काहीही विचारले तरी तो खाली बघून एकच सांगे, "मासं धराया गेलतो." मी आवाज चढवला. तो आणखीच गप्प झाला. ती गुन्ह्याची कबुलीच, असे मी मानले आणि अटक दाखवायची ठरवले.

आमचे हवालदार पन्नाशीचे, खर्डीकडचे. ते आत आले की ठाणे अंमलदारापासून कोठडीतल्या आरोपीपर्यंत सगळे हसत. मला तो बेशिस्तपणा वाटे. त्या दिवशी ते दारातूनच म्हणाले, "साहेब, ह्यानं एकल्यानं इंजिन नेलं आसंल तर ह्याला कोर्टात नका पाठवू. आपली जीप ढकलायला ठेवून घेऊ."

शिपाई हसले. मी चिडलो, पण मुद्दा बिनतोड होता. ते इंजिन दोघांनी बांबूला टांगून खांद्यावर घेतल्याशिवाय हलणारे नव्हते. हवालदारांनी त्या माणसाचे खांदे पाहिले. मोळ्या वाहून घट्टे पडलेले, ताजा ओरखडा एकही नाही. "ह्याला चहा पाजा. आपण गावात जाऊन येऊ," ते म्हणाले.

गावच्या नाक्यावर दहाबारा माणसे एस.टी.ची वाट पाहत होती. हवालदार त्यांच्यात मिसळले. "बायको म्हनते, वीस वर्सं चोर धरता, आन् घरातल्या दुधावरची साय कोन खातो ते तुमाला गावत नाय? मी म्हनलो, चोर ठावा हाय गो, म्याव म्हनतो, जबाब तेवढा देत नाय."

माणसे हसू लागली. हवालदार एकेकाच्या खांद्यावर थाप मारत पुढे सरकत होते. कारखान्यात कामाला जाणाऱ्या एका तरुणाला थाप बसली आणि तो कळवळून वाकला.

"काय झालं रे?"

"पडलो व्हतो."

"खांद्यावर? आन् जोडीदार कुठं पडला?"

तरुणाची नजर शेजारी उभ्या चुलतभावाकडे गेली. हवालदारांना तेवढे पुरले. ठाण्यात मी दोघांची वेगवेगळी चौकशी केली. तासाभरात दोघेही बोलले आणि पेंढ्याच्या गंजीखालचे इंजिन पंचांसमक्ष ताब्यात घेतले. "कारखान्यातला खांदा, साहेब," हवालदार म्हणाले. "वझ्याची सवय नाय. सोलनारच."

वाडीवरच्या माणसाला मी सोडले. तो उठून चालू लागला, तेव्हा हवालदारांनी त्याला थांबवले. ते हसत नव्हते.

"साहेब, ह्याला जीपनं पोचवा. पायी गेला तर लोक म्हनतील, पळून आला."

मी स्वतः गेलो. वाडीतल्या सगळ्यांसमोर सांगितले, याचा काही दोष नाही, चूक माझी होती.

हवालदारांचा विनोद म्हणजे ढिलाई नव्हती, हे मला त्या दिवशी कळले. खाकी पाहून आखडलेली माणसे त्यांच्या बोलण्याने सैल होत आणि ते त्यांना नीट पाहून घेत. खाली मान घालून बसलेल्याची थट्टा मात्र त्यांनी कधी केली नाही. निवृत्त होईपर्यंत मी बरेच वरिष्ठ पाहिले. पण माणूस ओळखायला मला माझ्या हाताखालच्या या हवालदारांनी शिकवले, हे सांगताना आजही ऊर भरून येतो.